गोठ्यातलं विचारा

प्रश्न : आमची एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाय तिसऱ्या वेताची, रोज १८ लिटर दूध. फॅट ३.८ वरून ३.० वर आली, म्हणून महिनाभर रोज सकाळी भरड्यावर (दळलेल्या धान्य-पेंडीच्या खुराकावर) पाव लिटर गोडेतेल ओततोय. फॅट २.७ झाली आणि शेण पातळ. भरडा धारेच्या वेळी ५-५ किलो, सोबत २ किलो भरडलेली सरकी. वाढे (उसाचे शेंडे) आणि कुट्टी (कापलेली वैरण) नंतर. बायपास फॅट सुरू करू का?
– एक वाचक, तालुका वाळवा

उत्तर : आधी तेलाची बाटली स्वयंपाकघरात परत ठेवा. तुमचा राग येत नाही; पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी आमच्या गाईला हेच केलं होतं, तेही माझ्या देखत आणि मी डॉक्टर असताना.

दुधातल्या फॅटचा मोठा भाग येतो वैरणीतून. कोठीपोटातले (गाईच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) जीवाणू वैरणीतला तंतू कुजवून जे आम्ल तयार करतात, त्यातून कास फॅट बनवते. मोकळं तेल त्या जीवाणूंना मारक ठरतं आणि तंतूवर त्याचा थर बसतो. खाल्लेला कडबा न पचता पुढे सरकतो. हिशेब बघा : गाय दिवसाला साधारण १६ किलो कोरडं खाद्य खाते. त्यात एकूण तेल ६ टक्क्यांपर्यंत चालतं, म्हणजे एक किलोच्या आत. तुमच्या २ किलो सरकीतच साडेतीनशे-चारशे ग्रॅम तेल. बाकी चाऱ्या-भरड्यात तेवढंच किंवा जास्त. वर तुमचा पाव लिटर!

पण फॅट तेलाआधीच उतरली होती, ते का? उपाशी पोटी ५ किलो भरडा. पोट आंबतं, रवंथ कमी होतो, लाळ कमी सुटते; तंतू कुजवणारे जीवाणू मंदावतात आणि फॅट उतरते. आता आधी कुट्टी द्या, बोटाच्या पेरापेक्षा बारीक नको. भरडा चार वेळा, एका वेळी अडीच किलोच्या वर नाही. सरकी एक किलोवर आणा. जमलं तर सगळं एकत्र कालवून टाका. नुसता भरडा वेचून खायला गाईला जागाच राहत नाही. ती निवांत बसून रवंथ करत असताना एक घास किती वेळा चावते ते मोजा. पन्नासच्या वर हवं.

बायपास फॅट म्हणजे तेलाच्या आम्लांचा चुन्याशी बांधलेला साबण. कोठीपोटात टिकतो, चौथ्या कप्प्याच्या आंबट रसात सुटतो. पण कोठीपोटच आंबलं असेल तर तो तिथेच फुटतो आणि तुमचे पैसे पाण्यात. तेव्हा तीन आठवडे थांबा. शेण घट्ट झालं की ५० ग्रॅमपासून सुरू करून आठ-दहा दिवसांत दीडशेवर न्या. शेण तरीही पातळच राहिलं तर जंतांसाठी शेण तपासून घ्या आणि मग मला कळवा.