लॅपटॉप नेमका कशाची वाट बघतोय?

प्रश्न : ताई, गुहागरजवळ आमचा तीन खोल्यांचा होमस्टे आहे. २०१८ साली घेतलेला लॅपटॉप आहे : आय फाइव्ह, आठवी पिढी, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. बिलं एक्सेलमध्ये, पाहुण्यांशी बोलणं व्हॉट्सअ‍ॅप वेबवर, बँक, कधीतरी सातबारा काढायचा, एवढंच काम. पण सकाळी सुरू केला की माझा चहा करून, पिऊन होतो तरी तो तयार नसतो. शिमग्याला दीर आले होते. ते म्हणाले, आय सेव्हन घेऊन टाका, दहा वर्षं बघायला नको. ऐंशी हजार सांगतायत. आंब्याचे पैसे आत्ताच हातात आलेत, म्हणून विचारते. खरंच एवढा लागतो का?

उत्तर : नाही लागत. पैसे तूर्त बँकेतच राहू द्या.

आधी एक बिनपैशाची गोष्ट करा. उद्या सकाळी लॅपटॉप असा अडून बसला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टक्के लिहिलेले असतात. ते कागदावर लिहून घ्या. माझा अंदाज असा, की सीपीयू वीसच्या आसपास खेळत असेल, मेमरी नव्वदकडे आणि डिस्क शंभरला चिकटलेली. सीपीयू म्हणजे प्रोसेसर. दीर जो बदलायला सांगतायत तो हाच, आणि तुमच्या घरात बहुतेक वेळ रिकामा बसलेलाही हाच.

मालवणात १९ वर्षं मी हे दुरुस्तीचं काम करते आहे. ‘लॅपटॉप स्लो झालाय’ म्हणून येणाऱ्या दहांतल्या सात-आठ जणांचं दुखणं हेच निघतं. गेल्या मार्चमध्ये आचऱ्याचे एक बागायतदार आले. ऐन हंगाम, वाशीला गेलेल्या पेट्यांचा हिशेब अडकलेला. लॅपटॉप टेबलावर ठेवून म्हणाले, “हेका काय झाला ता बघ गे बाय. नवो घेवक व्हयो काय?” मी टास्क मॅनेजर उघडून त्यांच्याकडे स्क्रीन फिरवली. सीपीयू ११, डिस्क १००. ते बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. मग त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगते.

बाजारात मासे कापणारी बाई असते ना, तिचा हात कितीही झपझप चालू दे, होडीतून मासा एकेक करूनच येऊ लागला तर ती विळीसमोर बसूनच राहणार. तुमच्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क म्हणजे गोल फिरणारी तबकडी आहे. लॅपटॉपमध्ये ती बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते. एक फेरा म्हणजे साधारण ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, शिवाय सुईचा दांडा जागेवर जायला वेळ लागतो तो वेगळा. इकडे तिकडे विखुरलेले तुकडे ती सेकंदाला शंभरसुद्धा धड देऊ शकत नाही. आणि विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे मागते. प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी क्रिया करू शकतो, पण हातात काही आलंच नाही तर करणार काय? तुमच्या वर्षभराच्या बिलांची बेरीज बोट कीवरून उचलायच्या आत होते. तुमची सकाळची ती चहाची मिनिटं हिशेबात जात नाहीत, तबकडीच्या फेऱ्यांत जातात.

यावर उपाय एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नाही. साध्या, साटा जोडणीच्या एसएसडीलाही असे छोटे तुकडे सेकंदाला हजारोंनी देता येतात. हार्ड डिस्क काढून ती बसवली की तुमचा हाच लॅपटॉप अर्ध्या-पाऊण मिनिटात कामाला लागेल. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवून मिळतं, त्याला क्लोनिंग म्हणतात. दुकानदाराला तसं स्पष्ट सांगा आणि त्याआधी बिलं, फोटो पेनड्राइव्हवर घ्या. काढलेली हार्ड डिस्क टाकून देऊ नका. यूएसबी केसिंगमध्ये घातली की पाहुण्यांचे आणि घरचे फोटो ठेवायला चांगली.

दुसरी गोष्ट रॅम, म्हणजे टास्क मॅनेजरमधली ती ‘मेमरी’, चालू काम मांडून ठेवायची जागा. ४ जीबी आता खरंच कमी पडते. विंडोज ११ साठी कागदोपत्री किमान ४ जीबीच लिहिली आहे, पण नुसतं सुरू झाल्यावर त्यातली निम्म्याहून जास्त विंडोजच घेते. वर क्रोममध्ये व्हॉट्सअ‍ॅप, बँक आणि बुकिंगचं पान उघडलं की रॅम भरते. भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर नेऊन ठेवते, म्हणजे आधीच दमलेल्या तबकडीवर आणखी ओझं. तुमच्या कामाला ८ जीबी पुरेत. एका वेळी वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर १६ करा. सध्या रॅमचे भाव चढे आहेत, तरीही एसएसडी आणि रॅम मिळून ऐंशी हजारांचा छोटा तुकडाच जाईल. आठव्या पिढीचा आय फाइव्ह विंडोज ११ च्या यादीत बसतो, त्यामुळे तीही अडचण नाही.

‘आय सेव्हन’ या शब्दाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण त्यापायी लोकांचे पैसे जाताना मी बघते आणि वाईट वाटतं. तो नुसता हुद्दा आहे, पिढी बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. सातव्या पिढीच्या आय सेव्हन ७५००यूमध्ये दोनच कोअर, म्हणजे काम करणारे हात, होते. बाराव्या पिढीच्या आय थ्री १२१५यूमध्ये सहा आहेत आणि तो त्याच्या बराच पुढे आहे. सेकंडहँड बाजारात जुना आय सेव्हन ‘टॉप मॉडेल’ म्हणून गळ्यात मारतात तो या गैरसमजावरच.

आणि दहा वर्षांचं म्हणाल, तर आपल्या किनाऱ्यावर प्रोसेसर जुना व्हायच्या आधी बाकीचं संपतं. आचऱ्याच्या काकांचा लॅपटॉप उघडला तेव्हा पंख्याच्या जाळीत बोटभर जाडीचा नमद्यासारखा थर होता, राखाडी, त्यात जांभ्याची तांबडी धूळ. रॅमच्या पिवळ्या दातऱ्यांवर काळपट डाग आणि चार्जिंगच्या सॉकेटजवळ हिरवट बुरशीसारखं काहीतरी. ती बुरशी नव्हे, तांब्यावर चढलेला खाऱ्या हवेचा गंज. जाळी बुजली की आत उष्णता कोंडते आणि प्रोसेसर जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. म्हणजे आय सेव्हन घेतला आणि जाळी बुजू दिली, तर पैसे सेव्हनचे आणि चाल थ्रीची. काकांची जाळी मऊ ब्रशने साफ केली, दातऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावतात ती थर्मल पेस्ट बदलली, एसएसडी घातली. नवा घ्यावा लागला नाही. त्या मे महिन्यात त्यांच्या घरून फणस आला.

तुम्हीही पावसाळ्याआधी एकदा साफ करून घ्या. पावसात लॅपटॉप आठवडाभर बंद ठेवू नका. रोज तासभर चालला की आतली ओल सुटते. समुद्राकडच्या खिडकीत तर ठेवूच नका. बॅटरी आणि बिजागरी धड असतील तर हे मशीन तुम्हाला आणखी चार वर्षं सहज साथ देईल.

प्रश्न : मुलगा यंदा सिव्हिल इंजिनीअरिंगला जातोय, संगमेश्वरहून पुण्याला. दुकानदार गेमिंग लॅपटॉप घ्या म्हणतो. मी एसटीत नोकरीला आहे. कर्ज काढून घ्यावा का?

उत्तर : दादा, इथे मात्र वरच्यासारखं सरसकट ‘नको’ म्हणणार नाही. सिव्हिलला ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर लागतं, पुढे इमारतीचं त्रिमितीय मॉडेलही करावं लागतं. त्यात प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स, तिघांनाही खरं काम पडतं. पण ते पहिल्या दिवशी पडत नाही. पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी गणित, भौतिकी, थोडं प्रोग्रॅमिंग, साधं ड्रॉइंग असतं आणि त्याला साधा लॅपटॉपही पुरतो. घरात एखादा चालू लॅपटॉप असेल तर पहिलं सत्र त्यावर काढू द्या. कॉलेजच्या लॅबमध्ये काय आहे, वरच्या वर्गातली मुलं काय वापरतात, हे त्याला स्वतः बघू द्या. मग घ्या.

घ्याल तेव्हा १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि फुल एचडी स्क्रीन, याखाली उतरू नका. प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘यू’ असेल तर तो कमी वीज खाणारा, ‘एच’ असेल तर जोरकस. त्याला एचचा आय फाइव्ह किंवा त्याच तोडीचा एएमडी कंपनीचा रायझन फाइव्ह भरपूर झाला. वेगळं ग्राफिक्स कार्ड बजेटात बसलं तर उपयोगी पडेल, न बसलं तर त्यासाठी कर्ज नको. दुकानात एक प्रश्न नक्की विचारा : रॅम पुढे वाढवता येते, की बोर्डावर झाळलेली आहे? वाढवता येत असेल तर आज १६ वर घेऊन दोन वर्षांनी गरज पडली तर आणखी घालता येते. झाळलेली असेल तर आज घेतलीत तेवढीच शेवटपर्यंत. गेमिंग लॅपटॉप बहुतेक अडीच किलोच्या घरात जातात, चार्जर वेगळा. रोज वसतिगृहातून वर्गात पाठीवर न्यायचा आहे, हे मुलाला दुकानातच हातात धरून बघू द्या.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहा. ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच झाळलेली साठवण) आणि दोन कोअरचा सेलेरॉन हा कमी ताकदीचा प्रोसेसर असलेले स्वस्त लॅपटॉप ‘स्टुडंट मॉडेल’ म्हणून दाखवतात. त्यातली साठवण बदलता येत नाही आणि विंडोजचे मोठे अपडेट यायला लागले की जागाच उरत नाही. अशी मशीन घेऊन आलेल्या पालकांना परत पाठवताना मला फार जड जातं, कारण त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतंच. कमी ताकद खरोखर कमी पडते ती इथे.

प्रश्न : हल्ली सगळीकडे एआय लॅपटॉप म्हणतात. मला एआयला प्रश्न विचारून अर्ज, पत्रं लिहायची असतात. तोच घ्यावा लागेल का? (कणकवली)

उत्तर : नाही. तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा त्याचं उत्तर दूर कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या मशीनवर तयार होतं. तुमच्या लॅपटॉपला फक्त ब्राउझर चालवायचा असतो आणि तिथे लागतं ते बरं नेटवर्क. ‘कोपायलट प्लस’ नावाच्या लॅपटॉपांत एनपीयू म्हणून वेगळा भाग असतो, सेकंदाला ४० लाख कोटी क्रियांहून जास्त करणारा, आणि तो इंटरनेटशिवाय मशीनवरच चालणाऱ्या काही सोयींसाठी आहे. नवा लॅपटॉप घ्यायचाच असेल आणि त्यात तो आला तर येऊ दे. त्याच्यासाठी म्हणून जास्त मोजू नका.

प्रश्न : मी वेंगुर्ल्याचा, निवृत्त. २०१५ चा लॅपटॉप आहे, ४ जीबी, एसएसडी तीन वर्षांपूर्वी घातली. मशीन चांगलं चालतं. पण विंडोज १० बंद झालं म्हणतात आणि ११ घेत नाही. टाकून द्यायचा?

उत्तर : काका, टाकू नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर ती सोय आहे. ११ घेत नाही याचं कारण तुमचं मशीन मंद आहे असं नाही. त्यांच्या मान्य प्रोसेसरांच्या यादीत ते नाही, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती इतक्या जुन्या लॅपटॉपांत बहुधा नसते.

बँक आणि मेलसाठी माझं मत लिनक्स मिंटकडे झुकतं, म्हणजे विंडोजच्या जागी बसणाऱ्या दुसऱ्या प्रणालीकडे. ते फुकट आहे आणि ४ जीबीत सुखाने चालतं. पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, डिस्कवरचं काही न पुसता. आठवडाभर तसंच वापरा, वायफाय आणि प्रिंटर चालतोय का बघा, मगच बसवून घ्या. व्हिडिओ बघताना पंखा ओरडला तर व्हिडिओचा दर्जा ७२०पी वर ठेवा. नव्या पद्धतीने दाबून लहान (कॉम्प्रेस) केलेले व्हिडिओ उलगडायची वेगळी सोय इतक्या जुन्या मशीनमध्ये नसते, ते सगळं प्रोसेसरच्या अंगावर पडतं.

मराठी टायपिंग मिंटमध्ये इनस्क्रिप्ट कळफलकाने व्यवस्थित होतं. पण तुम्ही जुन्या डीटीपी फाँटमध्ये काही लिहून ठेवलं असेल, पतसंस्थेचे अहवाल, भजनांच्या वह्या वगैरे, तर ते आधी विंडोजवरच युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा अक्षरांत, करून घ्या आणि एक प्रत मुलाला मेल करून ठेवा. विंडोज पुसल्यावर त्या फाँटचं सॉफ्टवेअर परत मिळणं कठीण असतं आणि मग त्या फाइलींतली अक्षरं सहज वाचता येत नाहीत.