एनएसएसचं काम झाडू आणि फोटोच्या पुढं कसं न्यायचं?

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरातल्या कॉलेजात एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) शंभर मुलांचं युनिट तुमच्याकडं आलंय, आजवर गावात झाडू, रॅली आणि ग्रुप फोटो एवढंच होत आलंय. तर मुलांना नागरिक म्हणून काही कळेल असं काम कसं आखायचं?

तासांची कमतरता नाही. स्वयंसेवकाला वर्षाला 120, दोन वर्षांत 240 तास भरायचे असतात, वर सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबीर. नव्या शैक्षणिक धोरणात समुदाय सहभागाच्या कामाला क्रेडिटही आहेत. दुखणं वेगळंच आहे. दोन तास वृक्षारोपण, तीन तास रॅली, एक दिवस रंकाळा तलावावर, असे तास विखुरले जातात. एकाही जागी मुलगा दुसऱ्यांदा जात नाही, त्यामुळं आपल्या कामाचं पुढं काय झालं हे त्याला दिसतच नाही.

म्हणून काम असं निवडा की त्यात काहीतरी मोजता येईल, मोजलेलं ज्याच्या हातात दुरुस्ती आहे त्याच्यापुढं ठेवता येईल, आणि महिन्यानं तेच पुन्हा मोजता येईल. ते तुमच्या मुलांच्या विषयाशी जुळलं तर आणखी बरं.

विज्ञानाची मुलं असतील तर पाणी घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 च्या पुरात चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत काय झालं ते मुलांना सांगायला नको. पूर ओसरला की विहिरी आणि नळाचं पाणी हाच पहिला प्रश्न असतो. नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागं किमान 0.2 मिलीग्रॅम मोकळं क्लोरीन राहायला हवं आणि ते बघायची ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट पहिल्या वर्षाच्या मुलालाही जमते. नळाला पाणी आलं की थोडं सोडून द्यायचं. टेस्टची नळी त्याच पाण्यानं दोनदा विसळून खुणेपर्यंत भरायची, कीटवर लिहिलेत तेवढेच थेंब टाकायचे आणि दहा सेकंदांच्या आत पिवळी छटा कीटमधल्या रंगांच्या पट्टीशी जुळवायची. उशीर झाला की रंग गडद होत जातो, कारण मागाहून संयुक्त, म्हणजे इतर पदार्थांशी जोडलं गेलेलं, क्लोरीनही रंग देतं. मग आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. ओटीचं द्रावण विषारी आहे. हातमोजे घाला, तपासलेलं पाणी कुणाच्या भांड्याजवळ नेऊ नका.

दहा ठिकाणं ठरवा: टाकीजवळ दोन-तीन, गावाच्या मध्यात तीन-चार, बाकी पार शेवटच्या गल्लीत. दर फेरीला तीच घरं. इथं हमखास होणारी चूक म्हणजे वेळेची. कॉलेजची गाडी अकराला पोचते, पाणी सहाला येऊन गेलेलं असतं, मग मुलं हंड्यातलं पाणी तपासतात. साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन उतरलेलं असतं, त्या आकड्याला अर्थ नाही. त्याच गावातून कॉलेजला येणारी दोन-तीन मुलं गटात असली की हे आपोआप सुटतं. गट आठ-दहाचाच ठेवा. शंभर मुलं एका गावात उतरवली की ती जत्रा होते.

आकडा शून्य आला म्हणून लगेच पाणी सोडणाऱ्यावर खापर फोडू नका. आधी टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचं, पोतं बघा. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, पण तोंड उघडं ठेवून दमट खोलीत पडलं की ते उडून जातं. माणसानं माप बरोबर टाकलेलं असतं, पावडरच मेलेली असते. विहिरीचा हिशेब मुलांकडूनच करून घ्या: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले 785, म्हणजे लिटर आले. 4 मीटर व्यास आणि 5 मीटर पाणी असेल तर 62,800 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर धरली तर 157 ग्रॅम. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी विहिरीत सोडायचं, अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर एवढ्यानं भागत नाही. अर्ध्या तासानं ओटी लावूनच ठरवा.

मग एक पानी तक्ता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) द्या, पोच घ्या. विषय ग्रामसभेत यायचा तर तो गावच्या मतदारानं मांडायचा. बाहेरगावचा विद्यार्थी ग्रामसभेचा सदस्य नसतो. त्यामुळं शेवटच्या गल्लीतल्या एखाद्या ताईंना तक्ता नीट समजावून सांगणं हेही कामच. उत्तरच मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे: एक विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराला तीस दिवसांची मुदत. पण पहिल्याच दिवशी तो अर्ज टाकलात तर गावात पुढची फेरी अवघड जाते.

कला-वाणिज्यच्या मुलांना मतदार नोंदणी देता येईल. सतरा पूर्ण झालेल्यांनाही नमुना 6 आगाऊ भरता येतो, पत्ता बदलला असेल तर नमुना 8. शहरात गौरी-गणपतीच्या विसर्जनाला निर्माल्य गोळा करणार असाल तर पेठेतल्या तालमीला (तिथल्या मंडळाला) आधी विचारा, आणि निर्माल्य वजन करूनच पुढं पाठवा.

गुण देताना हजेरीला कमी, दुसऱ्या फेरीनंतरच्या टिपणाला जास्त. आधी किती होतं, कुणाला सांगितलं, आता किती आहे, एवढं त्यात असलं की पुरे.

आणि निघण्याआधी ओटीच्या बाटलीवरची मुदत बघा. प्रयोगशाळेत ग्लासभर पाण्यात टीसीएलचा कण टाकून रंग येतो का ते तपासा. जुन्या द्रावणानं सगळं गाव शून्य दाखवतं.