सिटार्डची ऑफर आणि आखेनची नोकरी: लिम्बर्गला येण्याआधी

तुम्ही विचारलंय की सिटार्ड-खेलेनच्या केमिकल कंपनीत प्रोसेस इंजिनिअरची ऑफर आहे, बायको आयटीत आहे, तिला जवळच्या आखेनमध्ये, म्हणजे जर्मनीत, नोकरी शोधता येईल का, घरही तिकडेच घ्यावं का, आणि नेदरलँड्सचा हा लिम्बर्ग प्रांत एकूण कसा आहे. नोकरी आणि घराचं आधी सांगतो, कारण लोक तिथेच अडकतात. हे दोन्ही धरून येऊ नका. तुमचा राहण्याचा परवाना नेदरलँड्सचा असणार. त्यावर बायकोला या देशात कुठेही नोकरी करता येते, वेगळं वर्क परमिट लागत नाही. सीमेपलीकडे मात्र तो फक्त फिरायला चालतो, 180 दिवसांत 90 दिवस. आखेनच्या नोकरीसाठी जर्मनीचा परवाना लागेल, आणि घर जर्मनीत घेतलंत तर तुमच्याच डच परवान्याचा आधार जातो. शेजारचा डच माणूस हे सगळं बिनधास्त करतो, कारण त्याच्याकडे युरोपीय पासपोर्ट असतो. त्याचं ऐकून ठरवू नका.

हा मोह होतो तो नकाशामुळे. लिम्बर्ग म्हणजे मास नदीच्या काठाने दक्षिणेकडे लोंबणारी अरुंद पट्टी. साधारण 2,200 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी, आणि लोकसंख्या 11 लाखांच्या आसपास. सुस्टेरेनजवळ ही पट्टी जेमतेम पाच किलोमीटर रुंद उरते. उरलेल्या नेदरलँड्सपेक्षा बेल्जियम आणि जर्मनीलाच तिची हद्द जास्त लागते. प्रांताची राजधानी मास्ट्रिख्टहून ॲमस्टरडॅम रेल्वेने अडीच तास, पण हेर्लेनहून आखेन अर्ध्या तासावर. दक्षिणेला टेकड्या आहेत, सर्वात उंच फाल्सरबर्ग, 322 मीटर. डच लोकांना त्याचं भारी कौतुक. आपलं पुणं शहरच त्याहून उंचावर आहे.

इथली अर्थव्यवस्था समजायची तर कोळशापासून सुरुवात करावी लागते. 17 डिसेंबर 1965 ला अर्थमंत्री योप डेन आउल यांनी हेर्लेनमध्ये खाणी बंद करण्याची घोषणा केली आणि 1974 च्या अखेरीस शेवटची खाणही थांबली. पर्यायी रोजगार म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा मोठा भाग आणि सरकारी पेन्शन फंड हेर्लेनला हलवला, 1976 ला मास्ट्रिख्टला विद्यापीठ काढलं. तुमचं केमेलॉट, म्हणजे सिटार्ड-खेलेनचं रसायन कारखान्यांचं संकुलही खाणींचंच अपत्य: ते उभं करणाऱ्या डीएसएम कंपनीच्या नावाचा मूळ अर्थच डच सरकारी खाणी. आजही कामं तिथे आहेत, पण महागड्या गॅसने युरोपातलं रसायन क्षेत्र बेजार आहे. साबिक या सौदी रसायन कंपनीने 2024 मध्ये इथल्या दोनपैकी जुना क्रॅकर, म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल बनवणारं युनिट, कायमचा बंद करत असल्याचं जाहीर केलं. जवळच्या बोर्नच्या कारखान्यात ‘मिनी’ ब्रँडच्या गाड्या बनायच्या, त्याही त्याच वर्षी थांबल्या. म्हणून मुलाखतीत तुमचं युनिट कोणतं आणि त्यात पुढची गुंतवणूक ठरली आहे का, हे स्पष्ट विचारा. बायकोसाठी आयटीच्या जागा आइंटहोव्हनकडे जास्त. तो शेजारचा प्रांत, पण देश तोच. सिटार्डहून थेट गाडी आहे.

प्रशासनाचं फार डोक्यात घेऊ नका. प्रांताशी तुमचा संबंध बस, लोकल गाड्या आणि मोटारीच्या करातला त्यांचा वाटा एवढाच. प्रांतप्रमुखाला इतरत्र राजाचा आयुक्त म्हणतात, इथे मात्र ऐटीत गव्हर्नर. खरं काम खेमेंटे, म्हणजे नगरपालिकेशी. अशा 31 आहेत. आल्यावर पाच दिवसांत तिथे नोंदणी, तिथूनच बीएसएन, म्हणजे नागरिक क्रमांक, आणि त्याशिवाय पगारापासून विम्यापर्यंत सगळंच रखडतं. त्यामुळे ‘या पत्त्यावर नोंदणी करता येणार नाही’ म्हणणाऱ्या घरमालकाला ताबडतोब नमस्कार करा, घर कितीही स्वस्त असो.

याशिवाय पाणी मंडळ, म्हणजे नद्या, पूर आणि सांडपाणी सांभाळणारी संस्था. त्याचाही कर भरावा लागतो, तो पाहून दचकू नका. जुलै 2021 मध्ये खउल नदीने फाल्केनबुर्ख गाव बुडवलं, तेव्हापासून त्या कराबद्दल कोणी फारसं कुरकुरत नाही. गंमत म्हणजे परदेशी रहिवाशांनाही या मंडळाला मत देता येतं. प्रांताला नाही, नगरपालिकेला पाच वर्षांनंतर.

पगार ठरवताना परदेशातून आलेल्या तज्ज्ञांना पगाराचा 30 टक्के भाग करमुक्त देणारी सवलत 2027 पासून 27 टक्क्यांवर येतेय, हे धरूनच हिशेब करा. घर सिटार्ड स्टेशनच्या आसपास पाहा, हेर्लेन त्याहून स्वस्त पडेल. मसाले, डाळी आखेनला मिळतात, तिथे भारतीय विद्यार्थी भरपूर आहेत. आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी भर दुपारी 12 ला भोंगा वाजला तर कारखान्यात काही झालं असं समजून पळू नका, देशभर चाचणी असते.