ताम्हिणीचे धबधबे एका दिवसात: गाडी, गाईड आणि वेळ कशी ठरवावी

तुमचा प्रश्न असा आहे: घरची सहा माणसं, त्यांत सत्तरीचे आई-वडील आणि आठ-दहा वर्षांची दोन मुलं. पुण्यातल्या कोथरूडहून सकाळी निघून रात्रीपर्यंत परत यायचं, स्वतः गाडी चालवायची नाही, सोबत गावचा माहीतगार हवा, धबधबे आणि भातशेती बघायची. ताम्हिणी, मढे घाट, वरंध की माळशेज, आणि जुलैअखेर की सप्टेंबर, हेही विचारलं आहे.

जागा आधी निकाली काढू. तुमच्या घरासाठी ताम्हिणी. माळशेज आळेफाटा-ओतूरमार्गे जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे आजी-आजोबांचा दिवस गाडीतच संपेल. वरंध घाट देखणा आहे, पण पावसाळ्यात दरडींमुळे तो वरचेवर बंद असतो, त्यामुळे त्यावर दिवस बांधू नये. मढे घाटात वेल्ह्यावरून केळदला पोचल्यावर आपण धबधब्याच्या डोक्यावर उभे असतो. खाली बघायला कड्याच्या टोकाशी जावं लागतं आणि मुलं बरोबर असताना तेच नको असतं. ताम्हिणीत उलट आहे. समोरच्या डोंगरावरून कोसळणारं पाणी रस्त्यावरून, प्रसंगी गाडीत बसूनही दिसतं.

आता महिना. जुलैअखेर म्हणजे पुष्य नक्षत्र. पाणी भरपूर असतं, पण ढग इतके खाली उतरतात की धबधब्याचा आवाज येतो आणि धबधबा दिसत नाही. दिवसभर पांढऱ्या पडद्यासमोर उभं राहून परतणारी कुटुंबं दर रविवारी असतात. मघा संपून पूर्वा लागते तेव्हा, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, मुरलेलं पाणी धबधबे चालू ठेवतं, मधून मधून उघडीप मिळते आणि दरी दिसते. फक्त लावणी बघायचीच असेल तर जुलै गाठावा लागेल, कारण सप्टेंबरात भात पोटरीला, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात, आलेला असतो. माझं मत सप्टेंबरचंच. वार मंगळवार ते गुरुवारमधला निवडा. रविवारी संध्याकाळी पिरंगुट, भूगाव आणि चांदणी चौक ओलांडायला लागणारा वेळ कुठल्याही वेळापत्रकात बसत नाही.

हवामान बघताना 'पुणे' बघू नका. हवामान खातं पुण्याच्या घाट भागाचा इशारा शहरापासून वेगळा देतं, तो बघा. दोहोंतला फरक किती असतो? २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत पुणे शहरात शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच काळात ताम्हिणीला ५५६. शहराच्या अख्ख्या पावसाळ्याच्या जवळपास जाणारं पाणी तिथे एका दिवसात पडलं. लाल इशारा असेल तर सहल रद्द. नारिंगी असेल तर तरुणांचा गट विचार करेल, तुम्ही मात्र पुढे ढकला. पिवळ्या इशाऱ्यात जायला हरकत नाही. आदल्या रात्री आणि निघायच्या सकाळी, असं दोनदा बघा. आधीचे दोन-तीन दिवस सलग झड लागून गेली असेल तर त्या दिवशी ऊन पडलं तरी दरडींचा धोका असतो, कारण डोंगर आतून भिजलेला असतो.

गाडीच्या बाबतीत बहुतेकांचा हिशेब एका माणसाने चुकतो. सहा तुम्ही, एक चालक आणि एक गाईड, म्हणजे आठ. अर्टिगा चालकासह सात जणांची, आणि तिच्या मागच्या रांगेत सत्तरीच्या माणसाचे गुडघे मावत नाहीत. इनोव्हा घ्या, पण ती सात जणांची की आठ जणांची हे फोनवरच विचारा. दोन्ही प्रकारच्या मिळतात. आठची मिळाली नाही तर गाईडला दुचाकीवरून तुमच्या पुढे-मागे यायला सांगू नका. धुक्यात आणि पावसात तो त्याच्या जिवाला त्रास, आणि गाडीत तो नसेल तर वाटेतली अर्धी माहिती गेली. त्याऐवजी सरळ टेम्पो ट्रॅव्हलर ठरवा. आजी-आजोबा मधल्या रांगेत, मुलं मागे. वळणांवर मागे बसलेल्यांना उलटी लवकर होते, म्हणून मुलांना पौडनंतर खिडकीशी बसवा आणि सकाळी तेलकट देऊ नका.

भाडं ठरवताना मोठी गफलत होते. 'बाहेरगाव' म्हणून गाडी ठरवली तर बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान अडीचशे किंवा तीनशे किलोमीटरचे पैसे लावतात. ताम्हिणी आणि आसपास फिरून तुमचे दीडशेच्या आसपास होतील. समजा दर वीस रुपये असेल, तर तीनशेच्या किमानात सहा हजार जातात आणि प्रत्यक्ष धाव तीन हजारांची असते. म्हणून '८ तास ८० किलोमीटर' किंवा '१२ तास १२० किलोमीटर' असं स्थानिक पॅकेज आणि वरचे जादा किलोमीटर व तास, असा दर मागा आणि दोन्हींची बेरीज करून बघा. काही मालक पौडच्या पुढे स्थानिक पॅकेज देत नाहीत, ते आधीच कळलेलं बरं. किलोमीटर तुमच्या दारापासून मोजणार की गॅरेजपासून, चालकाचा भत्ता आणि पार्किंग धरलं आहे का, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. पाटी पिवळी हवी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने नेणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

गाडी आली की दोन मिनिटं खर्च करा: टायरची नक्षी, वायपरचं रबर, स्टेपनी. आणि चालकाला आधीच सांगा की घाटात एसी चालू राहील. 'घाटात एसी बंद' हा अनेकांचा नियम असतो, पण पावसात आठ माणसांच्या श्वासाने पुढची काच आतून धुरकटते आणि ती एसीशिवाय लवकर साफ होत नाही. धुक्यात दिवे खाली, प्रखर झोत नको. चारही इंडिकेटर लावून चालवणंही नको, मागच्याला वळण्याचा इशारा कळत नाही. इंधन पिरंगुट-पौड पट्ट्यातच भरून घ्या, सीएनजी तर पुढे मिळेल या भरवशावर निघूच नका.

गाईड हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. शहरातून गट घेऊन जाणारा आयोजक आणि गावातला माहीतगार हे वेगळे. राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार ट्रेक, रॅपलिंग असे उपक्रम करणाऱ्या संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, तेव्हा आयोजकामार्फत जाणार असाल तर नोंदणी विचारा. तुम्हाला मात्र गावचा माणूस पुरेसा आहे आणि तोच योग्य आहे. ताम्हिणी किंवा निवे भागातल्या एखाद्या घरगुती जेवण देणाऱ्या कुटुंबाकडे विचारलं की असा माणूस मिळतो. त्याला फोनवर चार गोष्टी विचारा. काल पाऊस किती होता? सध्या कुठे जायला बंदी आहे? आजोबांना चालायला न लागता काय दिसेल? आणि पाणी वाढलं तर काय करणार? शेवटच्या प्रश्नाला जो 'काही होत नाही, रोजचंच आहे' म्हणतो, त्याला घेऊ नका. 'मग तिकडे जायचंच नाही' म्हणणारा माणूस हवा.

आणि त्याला 'नाही' म्हणता यावं यासाठी पैशाचा व्यवहार तसा ठेवा. धबधब्यागणिक नाही, दिवसाचे पैसे ठरवा. पावसामुळे अर्ध्यातून परतावं लागलं तरी पूर्ण द्या. पाच ठिकाणं दाखवली तरच पैसे, असं ठरलं की तो तुम्हाला पाचव्या ठिकाणी नेणारच, मग वर काळे ढग का जमेनात. इशाऱ्यामुळे आदल्या रात्री रद्द झालं तर काय, हेही आधी बोला. रोख जवळ ठेवा. मुळशी धरणाच्या पुढे नेटवर्क येत-जात असतं आणि ऐन वेळी यूपीआय चालत नाही.

बंदीबद्दल थोडं गंभीरपणे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पाण्यात उतरणं, कड्याशी उभं राहणं, वाहत्या पाण्यात फोटो काढणं यांवर मनाई आदेश काढले. असे आदेश दर पावसाळ्यात नव्याने निघतात आणि त्यातली ठिकाणं बदलतात, म्हणून त्या आठवड्याची स्थिती पौड पोलीस ठाण्यात फोन करून विचारा. देवकुंड हे धबधब्याचं ठिकाण यादीत असेल तर खोडून टाका. ते रायगड जिल्ह्यात भिऱ्याजवळ आहे, पायपीट लांबची आहे आणि पावसाळ्यात तिथे बहुधा बंदी असते. प्लस व्हॅली आणि अंधारबन हे ट्रेकही तुमच्या घरासाठी नाहीत.

पाणी अचानक का वाढतं, हे मुलांना आधी समजावून ठेवा, म्हणजे ती हट्ट धरणार नाहीत. सह्याद्रीचा माथा म्हणजे उघडा कातळ आणि वर मातीचा पातळ थर. तो भिजून भरला की पुढचा पाऊस मुरत नाही, थेट ओढ्यात येतो. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वरच्या पठारावर सर आली तरी थोड्याच वेळात खालचं पाणी चढतं. नितळ पाणी तांबूस होणं, पानं-काटक्या वाहून येणं, आवाज जड होणं, यांतलं एक जरी दिसलं तरी बाजूला व्हायचं, सामान उचलत बसायचं नाही. कुंडाचा धोका निराळा. वरच्या कठीण खडकाखालचा मऊ थर पाण्याने पोखरलेला असतो, त्यामुळे काठ उथळ वाटतो आणि एका पावलावर खोली लागते, कपारी आत गेलेल्या असतात. शिवाय फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते माणसाला नेहमीसारखं तरंगवत नाही, पोहणाराही बुडतो. रस्त्याकडेच्या छोट्या धारांखालीही उभं राहू नका, पाण्याबरोबर वरून दगड येतात.

दिवस असा लावा. सहाला कोथरूड सोडा. पौडला चहा-नाश्ता आणि स्वच्छतागृह दोन्ही उरका, पुढे आजींसाठी बरी सोय मिळेलच असं नाही. माले गावानंतर मुळशीच्या जलाशयाकाठाने रस्ता जातो. गाईड निव्यात भेटणार असेल तरी हा भाग घाईने सोडू नका. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. आजही इथलं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात जातं. साडेआठपर्यंत ताम्हिणी गाठलंत तर दोन तास गर्दीविना मिळतील. मोठे धबधबे समोरच्या बाजूने, लांबून बघा. पाण्याची पूर्ण उंची लांबूनच कळते, जवळ गेल्यावर तुषारांपलीकडे काही दिसत नाही. गाडी वळणावर कधीही थांबवू नका, रुंद जागा कुठे हे गाईडला माहीत असतं. पाऊस वाढला तर ताम्हिणी गावातल्या विंझाई देवीच्या देवळात आजी-आजोबांना निवांत बसता येतं. धुकं नसेल तर निव्याहून पिंपरीकडे वळून कुंडलिका खोरं बघा. असेल तर तो फेरा टाळा, काहीच दिसणार नाही.

साडेअकरा-बाराला गावात. जेवण आदल्या संध्याकाळीच सांगावं लागतं: किती माणसं, शाकाहारी किती, मुलांना कमी तिखट. पिठलं, तांदळाची भाकरी, इंद्रायणीचा भात आणि त्या दिवशी रानातून जे आलं असेल ते मागा. जुलैत कुर्डू, टाकळा, भारंगी मिळते. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातलं, त्यामुळे तो भात या भागात खाण्यात वेगळी गोडी आहे. शेत बघताना बांधावरूनच आणि एकामागे एक चाला. बांध फुटला तर खाचरातलं पाणी जातं आणि ते घराचं वर्षाचं धान्य असतं. लावणी चालू असेल तर वाकून काम करणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. गाईडला राबाबद्दल विचारा: उन्हाळ्यात शेण-पालापाचोळा पसरून जमीन का भाजतात, रोपं किती दिवसांची झाली की उपटतात. मुलांना हे चिखलात पाय रोवून ऐकायला फार आवडतं.

पायांत पकड असलेले बूट सगळ्यांना, आजोबांना काठी. स्लीपर आणि क्रॉक्स घरी ठेवा, शेवाळलेल्या कातळावर ते घसरतात. घाटात छत्री उलटते, रेनकोट घ्या. प्रत्येकाचे कोरडे कपडे वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, आणि आई-वडिलांच्या गोळ्या दोन दिवसांच्या, कारण दरड कोसळून रस्ता बंद झाला तर रात्र गावात काढावी लागू शकते. झुडपांना धरून चालू नका, हिरवा चापडा साप पानांत दिसत नाही.

तीनला परतीला लागा, मग कितीही मोह होवो. निघायच्या आदल्या संध्याकाळी गाईड आणि चालक दोघांना एकच मेसेज पाठवा: माणसं किती, भेटायची जागा आणि वेळ, जेवणाची संख्या, परतीची वेळ तीन, आणि घाटासाठी नारिंगी किंवा लाल इशारा आला तर सकाळी साडेपाचला फोन करून रद्द. घरी राहणाऱ्या एका माणसालाही तोच मेसेज आणि गाडीचा नंबर द्या. अडचण आली तर ११२ लावायचा, आणि तिथे नेटवर्क नसेल तर गाईडला विचारून जवळच्या ज्या जागी ते मिळतं तिथे आधी पोचायचं.