आधी सर्टिफिकेट की आधी सप्तपदी? कॅनडाच्या स्पॉन्सरशिपचे तुमचे प्रश्न

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की या सदराला पत्रं वाढतात, दरवर्षी बघते मी. माहेरी आलेल्या लेकी, सुट्टी टाकून आलेली पोरं, जमलेली लग्नं, सगळं एकाच वेळी, आणि जावई कॅनडावाला असला की घरात पहिला प्रश्न हाच की पोरगी तिकडे जाणार कधी. तिकडे राहणाऱ्याने आपल्या जोडीदाराला बोलवून घ्यायचा जो अर्ज, तीच स्पॉन्सरशिप, आपण तिलाच 'फाईल' म्हणतो. यावेळी चार पत्रं घेतलीत. नावं कोणाचीच छापत नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही पारोळा तालुक्यातले. लहान बहिणीचं जमलंय, मुलगा टोरंटोच्या बाजूला असतो, पीआर (कायम राहायचा परवाना) आहे. साखरपुडा झाला, लग्न डिसेंबरात धरलंय. मुलगा आत्ता 12 दिवसांसाठी आलाय तर मध्यस्थ म्हणतात ग्रामपंचायतीतून मॅरेज सर्टिफिकेट काढून घ्या आणि फाईल टाकून द्या, लग्न काय नंतर होईलच, सात-आठ महिने वाचतील, सगळेच असं करतात. आजी बहिणीला रोज विचारते, 'तुले लेवाले जवाई कवय येतीन?' (तुला न्यायला जावई कधी येतील?) घरात दोन मतं झालीत. काय करावं?

उत्तर : भाऊ, असं करू नका. मला माहितीये की सात-आठ महिने कमी नाहीत, आणि मध्यस्थांचा हेतूही वाईट नसेल, पण हे सर्टिफिकेट ज्या लग्नाचं म्हणून निघणार ते लग्न अजून लागलेलंच नाही ना.

आपल्याकडे ग्रामपंचायतीत जो नमुना ड भरतात तो एकदा हातात घेऊन बघा. त्यात नवरा-नवरीच्या सह्या, तीन साक्षीदार, आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते. लग्नाची तारीख आणि ठिकाण लिहावं लागतं. आता तुम्हीच सांगा, भटजी कशावर सही करणार? म्हणजे पहिल्याच कागदावर पाच-सहा जणांनी मिळून खोटं लिहायचं, आणि त्याच कागदावर बहिणीचा सगळा पुढचा संसार ठेवायचा.

यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, 19 एप्रिल 2024 चा, न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांचा. त्या केसमधले दोघंही वैमानिक होते, आधी सर्टिफिकेट काढलं, रजिस्ट्रेशन केलं, विधी नंतर करायचा ठरला आणि मध्येच बिनसलं. कोर्टाने सांगितलं की हिंदू विवाह कायदा 1955 च्या कलम 7 प्रमाणे विधी झालेच नसतील तर नुसत्या रजिस्ट्रेशनने लग्न होत नाही, कलम 8 चं रजिस्ट्रेशन हा झालेल्या लग्नाचा पुरावा आहे फक्त. व्हिजासाठी म्हणून आधी सर्टिफिकेट काढून ठेवायची जी पद्धत पडलीये तिच्याबद्दलही कोर्ट त्याच निकालात बोललंय. म्हणजे आपल्याकडे ते लग्नच नाही, आणि कॅनडाचा नियम असा की लग्न जिथे लागलं तिथल्या कायद्याने वैध पाहिजे आणि कॅनडाच्याही. मग फाईल कशावर उभी राहणार?

आणि समजा पहिल्या टेबलावरून फाईल पुढे गेली, तरी आयएमएम 5532 नावाचा एक फॉर्म आहे, तो दोघांच्या नात्याबद्दलच आहे. कधी भेटलात, कोणी जमवलं, लग्न कुठे लागलं, कोण कोण हजर होतं, कोणते कार्यक्रम झाले. तुम्ही मे महिन्याची तारीख लिहिणार आणि फोटो येणार डिसेंबरचे, हळद डिसेंबरची, पत्रिकेवर मुहूर्त डिसेंबरचा. ऑफिसर समोर बसवून विचारेल की बाई, मे महिन्यात लग्न झालं तर डिसेंबरमध्ये हे काय होतं? तुमची बहीण खरं बोलली तर सर्टिफिकेट खोटं, आणि सर्टिफिकेट सांभाळायला गेली तर ती खोटी. त्या पोरीला अशा कोंडीत का टाकायचं? तिथे खोटी माहिती पकडली गेली तर 5 वर्षांची बंदी आहे, आणि नातं खरं असून बंदी लागते हे जास्त वाईट.

मग करायचं काय? घाई खरीच असेल तर मुलगा आहे तोवर लग्नच लावा. खरं लग्न, साधं. घरच्या अंगणात किंवा देवळात, भटजी बोलवून, मंगलाष्टकं, सप्तपदी, दोन्हीकडचे मामा, काका, आजी. कायद्याला बँड लागत नाही, हॉल लागत नाही, तुमच्या रीतीप्रमाणे विधी लागतो, आणि सप्तपदी त्या रीतीत असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. त्याच तारखेने ग्रामपंचायतीत नोंद करा. मग डिसेंबरात वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीची पंगत घाला, पाचशे माणसं बोलवा, पण पत्रिकेवर स्वागत समारंभ छापा आणि फॉर्ममध्येही दोन्ही कार्यक्रम जसे झाले तसे लिहा. दुसरा मार्ग स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट 1954, तिथे अधिकाऱ्यासमोरचं लग्न हेच लग्न असतं, पण नोटिशीनंतर 30 दिवस थांबावं लागतं, म्हणून 12 दिवसांच्या सुट्टीत ते बसत नाही. आणि कोणी म्हणालं की मुलगा तिकडूनच व्हिडिओ कॉलवर हार घालेल, तर तेही नको, जून 2015 पासून एक जण हजर नसलेलं लग्न कॅनडा स्पॉन्सरशिपसाठी धरत नाही.

हे जमत नसेल तर डिसेंबरपर्यंत थांबा. तोवर वाया जात नाही काही, पीसीसीची (पोलिसांच्या चारित्र्याच्या दाखल्याची) माहिती काढा, दोघांचे कॉल, चॅट, त्याने पाठवलेलं काही, साखरपुड्याचे फोटो, तिकिटं, सगळं तारखेनिशी ठेवा. कॅनडा सरकार अशा फाईलींना साधारण 12 महिन्यांचं उद्दिष्ट सांगतं, ते कमीजास्त होतं. आजीला सांगा, जवाई लेवाले येतीन, पण खऱ्या तारखेने येतीन.

प्रश्न : मी शिरपूरचा, चार वर्षांपासून कॅनडात, आधी स्टडी परमिट मग वर्क परमिट. एक्स्प्रेस एन्ट्रीमधून (पॉइंटवर निवड होते ती पद्धत) पीआरची फाईल टाकली तेव्हा सिंगल होतो. मागच्या महिन्यात गावी आलो आणि घरच्यांनी लग्न लावून दिलं. फाईल शेवटच्या टप्प्यात आहे. इथला एक कन्सल्टंट म्हणतो काही कळवू नको, सिंगलच राहू दे, पीआर हातात आला की मग बायकोला स्पॉन्सर कर. बरोबर आहे का?

उत्तर : नाही नाही नाही. दादा, हे वाचून माझं काळीज हललं, कारण ही एक चूक अशी आहे की नंतर नीट करायला फार जड जाते.

कॅनडाच्या इमिग्रेशन रेग्युलेशनमध्ये 117(9)(डी) असा नियम आहे. साध्या भाषेत सांगायचं तर तुम्ही पीआर झालात त्या वेळी तुमची बायको होती आणि तुम्ही ती दाखवली नाही, तिची तपासणी झाली नाही, तर पुढे ती फॅमिली क्लासमध्ये, म्हणजे घरच्यांना स्पॉन्सर करायच्या गटात, तुमची बायको धरलीच जात नाही. म्हणजे ज्या रस्त्याने कन्सल्टंट तुम्हाला पाठवतोय तो रस्ताच त्याच्या सल्ल्याने बंद होतो. मानवतेच्या मुद्द्यावर अर्ज करता येतो पण ते मिळेलच असं कोणी सांगू शकत नाही, त्यात वर्षं जातात. वरून माहिती लपवली म्हणून तुमच्या स्वतःच्या पीआरवरही प्रश्न येतो.

लग्न फाईल टाकल्यानंतर झालं हा गुन्हा नाही, फाईल चालू असताना माणसाचं आयुष्य थांबत नसतं. फक्त कळवायचं. आज-उद्या करत बसू नका, याच आठवड्यात. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या ऑनलाइन वेबफॉर्मवर लग्नाची तारीख, सर्टिफिकेट, तिची माहिती द्या. तिला सोबत नेणार असाल तर तसं, नंतर नेणार असाल तर सोबत न येणारी म्हणून दाखवा, पण तेव्हाही तिची मेडिकल आणि तपासणी व्हावी लागते, तरच पुढे स्पॉन्सर करता येतं. सोबत घेतली तर पॉइंट जोडीदार धरून मोजतात, त्यामुळे स्कोअर खाली येऊ शकतो, म्हणून हे ठरवताना नीट बसून हिशेब करा, पण लपवायचं की नाही हा हिशेबाचा विषयच नाही.

आणि त्या कन्सल्टंटचं नाव लायसन्सच्या यादीत आहे का ते बघा. कॅनडात कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सची यादी सगळ्यांना ऑनलाइन बघता येते, वकील असेल तर त्याच्या प्रांताच्या लॉ सोसायटीची. फाईलवर सही तुमची असते, दादा. आमच्याही फाईलला एजंटने एका फॉर्मवर सही घ्यायची ठेवली होती, अख्खं बंडल परत आलं, तीन महिने गेले आणि त्याने फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की प्रत्येक पान स्वतः वाचा.

प्रश्न : पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं, दहावीचं मार्कशीट अर्थात माहेरचं. फाईल टाकायच्या आधी पासपोर्ट बदलू का? शिवाय मिस्टरांचा पगार कमी आहे, चालेल का? (भुसावळ)

उत्तर : पासपोर्ट बदलायची सक्ती नाही. लग्न झालं की आपल्याकडे मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, तिकडच्या ऑफिसरला ही पद्धत माहीत असेलच असं नाही, म्हणून अर्ज पासपोर्टवर आहे त्याच नावाने भरा, सासरचं नाव 'इतर नावं' या रकान्यात लिहा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं अ‍ॅफिडेव्हिट जोडा. पीसीसी मात्र पासपोर्टच्याच नावाने. मराठीतल्या कागदांना इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं आणि ते घरच्या माणसाने केलेलं चालत नाही. पगाराचं म्हणाल तर नवरा-बायकोच्या स्पॉन्सरशिपला बहुतेक वेळा किमान उत्पन्नाची अट नाही, फक्त ते सरकारी मदतीवर नकोत, अपंगत्वाची मदत असेल तर ती चालते. बायोमेट्रिकला (बोटांचे ठसे आणि फोटो) मुंबई किंवा पुणे, भुसावळहून रात्रीची गाडी धरून सकाळी पोहोचता येईल.

प्रश्न : ताई, मी चाळीसगावकडची, आता ब्रॅम्प्टनला. नवऱ्याने स्पॉन्सर केलं, मागच्या वर्षी पीआर मिळाला. भांडण झालं की म्हणतो मी तुला आणलंय, एक ईमेल टाकला की तुझा पीआर रद्द होईल, परत गावी जाशील. दोनदा हात उचललाय. आता म्हणतो दिवाळीत गावी जाऊ, पासपोर्ट माझ्याकडे दे. आईला काही सांगितलेलं नाही.

उत्तर : पोरी, आधी हे वाच आणि परत वाच. तुझा पीआर तो रद्द करू शकत नाही. फाईल चालू असते तोवर स्पॉन्सर ती मागे घेऊ शकतो हे खरं, पण पीआर मिळाला की तो तुझा, त्याचा नाही. पूर्वी, ऑक्टोबर 2012 नंतर, दोन वर्षं एकत्र राहायची अट काही जोडप्यांना होती, अशा त्रासात बाया अडकतात म्हणूनच ती 2017 च्या एप्रिलमध्ये काढून टाकली. तुझं लग्न खरं होतं, तू काही लपवलं नाहीस, मग वेगळं राहिल्याने किंवा घटस्फोट झाल्याने पीआर जात नाही.

उलट जबाबदारी त्याच्यावर आहे. त्याने जी अंडरटेकिंग, म्हणजे तुझा खर्च उचलायची लेखी हमी, सही केलीये ती तुझा पीआर झाल्यापासून 3 वर्षांची, घटस्फोट झाला तरी ती संपत नाही. तुला सरकारी मदत घ्यावी लागली तर सरकार ते पैसे त्याच्याकडून मागू शकतं. त्या भीतीने तू मदत घ्यायची थांबू नकोस.

दिवाळीच्या तिकिटाची मला काळजी वाटते. गावी नेऊन पासपोर्ट आणि पीआर कार्ड काढून घ्यायचं आणि एकट्याने परत जायचं असे प्रकार होतात. कार्ड नसलं किंवा संपलं म्हणून पीआर जात नाही, पण भारतातून परत विमानात बसायला वेगळं ट्रॅव्हल डॉक्युमेंट काढावं लागतं, त्यात वेळ जातो आणि तोवर तू त्याच्या हातात. म्हणून पासपोर्ट देऊ नकोस. पासपोर्ट, पीआर कार्ड, लँडिंगचा (पीआर झाल्याचा) कागद, मॅरेज सर्टिफिकेट, सगळ्याचे फोटो काढून अशा ईमेलवर टाक ज्याचा पासवर्ड त्याला माहीत नाही. हात उचलला तर 911 ला, म्हणजे पोलिसांना, फोन कर. राहायची जागा, वकील, समुपदेशन यासाठी 211 या मदतीच्या नंबरला फोन कर, इंग्रजी अडत असेल तर दुभाषा माग, लाजू नकोस. ज्यांचा पीआर अजून झालेला नाही अशा बायांसाठीही घरगुती हिंसेच्या कारणाने वेगळं टेम्पररी परमिट आहे, जुलै 2019 पासून, फी लागत नाही. ओळखीत कोणी असेल तर तिला सांग.

आईला तूच सांग, आणि लवकर सांग. ती रडेल, वडील म्हणतील सांभाळून घे, पण दिवाळीत जावयासोबत तू दारात उतरलीस तर तुझी कागदं कोणाजवळ आहेत हे तिला आधीच माहीत पाहिजे.