एमआरआय सिक्वेन्सचा वेळ कशावर ठरतो आणि तो कमी करायचा असेल तर कोणता आकडा बदलावा?

तुम्ही लिहिलंय की कोर्स संपवून नुकतेच एमआरआयला लागलात, बाहेर पेशंट साचले की सीनियर 'टाइम कमी कर' एवढंच म्हणतात, आणि काय बदलायचं ते कुणी समजावत नाही. मी बरीच वर्षं कन्सोलवर बसतोय आणि नवीन मुलांना हे पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवं असं माझं ठाम मत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

साध्या टू-डी स्पिन इको सिक्वेन्सचा वेळ म्हणजे टीआर (एका आवर्तनापासून पुढच्यापर्यंतचा वेळ) गुणिले फेज एन्कोडिंगच्या ओळी (इमेजच्या एका दिशेला एकेक करून मोजायच्या ओळी) गुणिले नेक्स (प्रत्येक ओळ किती वेळा मोजायची). टीआर ५०० मिलिसेकंद, ओळी २५६, नेक्स २ धरले तर २५६ सेकंद होतात, म्हणजे सव्वाचार मिनिटं. हेच टी-टू (पाणी उजळ दिसणाऱ्या) इमेजसाठी टीआर ४००० करून पाहा: ३४ मिनिटं! इतका वेळ निपचित कोण पडून राहणार? जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या युर्गेन हेनिग यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या 'रेअर' पद्धतीने हा प्रश्न सोडवला. एका टीआरमध्ये एकाऐवजी अनेक इको (शरीरातून परतणारे सिग्नल) घ्यायचे आणि प्रत्येक इकोत के-स्पेसची (इमेज बनण्याआधीच्या कच्च्या डेटाची) वेगळी ओळ भरायची. आपण रोज लावतो तो टर्बो किंवा फास्ट स्पिन इको हाच. इको ट्रेन (एका टीआरमधले इको) १६ ची असेल तर वर आलेल्या वेळेला १६ ने भागा, २ मिनिटं ८ सेकंद. फ्रिक्वेन्सीच्या दिशेचा मॅट्रिक्स या गुणाकारात कुठेच नाही, हे लक्षात ठेवा. तो कमी करून थेट वेळ वाचत नाही.

घाईत सगळ्यांचा हात पहिल्यांदा नेक्सवर आणि इको ट्रेनवर जातो. माझा तिथे शेवटी जातो. नेक्स २ वरून १ केला की वेळ निम्मा होतो, पण सिग्नल-टू-नॉइज (सिग्नलचं गोंगाटाशी प्रमाण) ७१ टक्क्यांवर येतो. इको ट्रेन लांबवली की शेवटच्या इकोंमध्ये सिग्नल फारसा उरलेला नसतो, आणि कमी टीईच्या (इको येईपर्यंतचा वेळ कमी असलेल्या) सिक्वेन्समध्ये नेमक्या त्याच इकोंवर बारीक तपशिलाच्या ओळी भरल्या जातात. इमेज धूसर होते. म्हणून गुडघ्याच्या पीडी (प्रोटॉन डेन्सिटी) सिक्वेन्समध्ये मी इको ट्रेन लहानच ठेवतो. मेनिस्कसची (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीची) बारीक चीर त्या धूसरपणात बुडाली तर वाचवलेल्या मिनिटाचा काय उपयोग? थ्री टेस्लाच्या मशीनवर सारची (शरीरात शोषल्या जाणाऱ्या रेडिओ ऊर्जेची) मर्यादाही आडवी येते. पल्स वाढले की मशीनच टीआर वाढवायला सांगतं आणि वाचवलेला वेळ परत जातो.

नेक्स आणि इको ट्रेनच्या आधी बघायची ती फेजची दिशा. शरीराचा अरुंद भाग फेजच्या दिशेला ठेवला तर एफओव्ही (इमेजमध्ये घ्यायचा भाग) आयताकृती करता येतो आणि ओळी कमी लागतात. ब्रेन ॲक्झियलला फेज उजवी-डावी ठेवून ७५ टक्के एफओव्ही घेतला की पाव वेळ वाचतो. रिझोल्यूशन तेच राहतं, सिग्नल-टू-नॉइज साधारण १३ टक्क्यांनी उतरतो. मला हा सौदा परवडणारा वाटतो. पण सगळीकडे हे चालत नाही. लंबर स्पाइनच्या सॅजिटलला फेज पुढून-मागे ठेवली तर आतड्यांची आणि महाधमनीची हालचाल मणक्यावर पसरते. तिथे फेज डोक्याकडून पायाकडे ठेवतात आणि रॅप (बाहेरचा भाग इमेजवर चढणं) टाळायला ओव्हरसॅम्पलिंग (जादा ओळी) घेतात. त्याने वेळ वाढतो. तो वाढू द्या.

वेळ वाचवायची दुसरी जागा फारसं कुणी तपासत नाही. एका टीआरमध्ये ठरावीक स्लाइसच मावतात. टी-वन (पाणी काळं दिसणाऱ्या) सिक्वेन्समध्ये वीस मावत असतील आणि तुम्ही बावीस टाकल्या, तर मशीन काम दोन फेऱ्यांत वाटतं आणि वेळ थेट दुप्पट होतो. कुठे त्याला कॉनकॅटिनेशन म्हणतात, कुठे पॅकेज. दोन स्लाइस कमी करून किंवा गॅप किंचित वाढवून भाग झाकला जातो का, ते आधी बघा. सॅच्युरेशन बँडही (ठरावीक भागाचा सिग्नल दाबणारे पट्टे) टीआरमधली जागा खातात, नको असलेला काढून टाका. टीआर थोडा वाढवूनही स्लाइस मावतात. टी-टूला त्याने बिघडत नाही, टी-वनला मात्र जपून, कारण टीआर वाढला की टी-वनचा कॉन्ट्रास्टच फिका पडतो.

पॅरलल इमेजिंगबद्दल (कॉइलच्या अनेक एलिमेंटच्या मदतीने कमी ओळींत इमेज बनवण्याबद्दल) थोडक्यात. सेन्स १९९९ मध्ये आलं, ग्रॅपा २००२ मध्ये. फॅक्टर २ ला वेळ निम्मा होतो, सिग्नल-टू-नॉइज ७१ टक्क्यांपर्यंत तरी घसरतोच, आणि कॉइलचे एलिमेंट फेजच्या दिशेने पसरलेले नसतील तर आणखी घसरतो. कॉइल कशी ठेवलीय ते बघून फॅक्टर ठरवा.

पोटाच्या स्कॅनमध्ये मात्र सगळं गणित पेशंटच्या छातीशी येऊन थांबतं. 'श्वास घ्या, सोडा, आता थांबवा' हे टेबलावर घेण्याआधी दोनदा करून घ्या आणि किती सेकंद जमतं ते घड्याळात बघा. बारा सेकंद जमणाऱ्या आजींना अठरा सेकंदांचा सिक्वेन्स लावायचा नाही. ओळी कमी करा, किंवा एकेक स्लाइस सेकंदाच्या आत घेणारा सिंगल शॉट वापरा. श्वासावर ट्रिगर होणाऱ्या एमआरसीपीला (पित्तनलिकांच्या स्कॅनला) कन्सोल दाखवतं तो नुसता अंदाज असतो. श्वास अनियमित असेल तर तो लांबतो. नातेवाइकांना वेळ सांगताना हे धरून सांगा.

आणि पेशंट अस्वस्थ असेल तर आकड्यांशी खेळण्याऐवजी क्रम बदला. स्ट्रोकची शंका असेल तर लोकलायझरनंतर (जागा ठरवायच्या पहिल्या झटपट इमेजनंतर) लगेच डिफ्युजन सिक्वेन्स घ्या. मिनिट-दोन मिनिटांत ते होतं, आणि पुढे पेशंटने स्कॅन थांबवायला लावला तरी रेडिओलॉजिस्टच्या हातात सगळ्यात आधी लागणारी इमेज असते.