नव्या वर्कस्टेशनची वाट पाहावी का?

प्रश्न : भावगीतांच्या आणि लावणीच्या कार्यक्रमांत मी गेली बारा वर्षे कीबोर्डची साथ करतो. जुन्या वर्कस्टेशनच्या (अनेक वाद्यांचे आवाज आणि गाणे रचून रेकॉर्ड करण्याची सोय एकत्र असलेल्या कीबोर्डच्या) चार-पाच पट्ट्या आता अधूनमधून वाजतच नाहीत, त्यामुळे नवे घेणे भाग आहे. मात्र अमेरिकेतल्या ‘नॅम’ या वाद्यांच्या प्रदर्शनात कोर्ग किंवा यामाहा नवे वर्कस्टेशन आणणार, अशी चर्चा दरवर्षी ऐकू येते. आता खरेदी करावी की थांबावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही चर्चा बहुतेक वेळा जुन्या हिशेबावर चालते. यामाहाचे मोटिफ 2001 मध्ये आले आणि पुढे 2003, 2007 व 2010 मध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या येत गेल्या, त्यामुळे ‘आता नवे यायलाच हवे’ असे म्हणण्याची सवय वादकांना लागली. प्रत्यक्षात मोटिफच्या जागी मोंटाज यायला 2016 उजाडले आणि मोंटाज एम यायला 2023. रोलँडच्या 2008 मधील फँटम-जीनंतरचे फँटम तर थेट 2019 मध्ये आले. नुसत्या अंदाजापायी आपण कार्यक्रमांचे किती हंगाम घालवणार?

शिवाय जे येते ते अपेक्षेबरहुकूम असतेच असे नाही. 2011 च्या क्रोनॉसनंतर कोर्ग त्याहून मोठे काही आणील, अशी अनेकांची अटकळ होती. 2020 मध्ये आलेल्या नॉटिलसमध्ये नऊ ध्वनी-इंजिने (आवाज निर्माण करण्याच्या वेगवेगळ्या पद्धती) होती खरी, पण क्रोनॉसवरचे स्लायडर (सरकवून आवाज बदलायची बटणे) गेले होते आणि आफ्टरटचही, म्हणजे दाबलेली पट्टी आणखी दाबून आवाज बदलण्याची सोयही, नव्हता. आफ्टरटच असलेली आवृत्ती 2023 मध्ये मिळाली. मोंटाजमध्येही पॅटर्न सीक्वेन्सर (छोटे तुकडे रेकॉर्ड करून ते जोडून गाणे रचण्याची सोय) पहिल्या दिवसापासून नव्हता, तो 2019 च्या अपडेटमधून आला.

तेव्हा आज दुकानात असलेलीच वाद्ये पारखून घ्या. डाव्या हाताने कॉर्ड धरून ठेवा, उजव्या हाताने बासरीवरून स्ट्रिंग्जचा टोन निवडा आणि धरलेला आवाज मध्येच तुटतो का ते हेडफोनवर ऐका, कारण मुखड्यावरून अंतऱ्यावर जाताना नेमका इथेच घोळ होतो. मग वाद्य बंद करून पुन्हा सुरू करा आणि घड्याळ पाहा. नॉटिलससारख्या वाद्याला तयार व्हायला मिनिटाहून अधिक वेळ लागतो. उघड्यावरच्या कार्यक्रमात वीज गेली, तर तेवढा वेळ गायिकेला नुसते उभे राहावे लागेल. असे वाद्य घेतल्यास सोबत छोटा यूपीएस ठेवाच. लावणीसाठी तुणतुण्याचा किंवा हलगीचा आपला स्वतःचा आवाज हवा असेल, तर नॉटिलसमध्ये तो थेट रेकॉर्ड करून सॅम्पल करता, म्हणजे पट्ट्यांवर वाजवता येतो, ही त्याची मोठी जमेची बाजू मला वाटते.

जुने वाद्य मात्र घाईने विकू नका. पट्ट्या अधूनमधून वाजत नाहीत, तेव्हा पुष्कळदा त्यांच्याखालच्या रबरी संपर्कांवर धूळ बसलेली असते. जाणत्या कारागिराकडून ते साफ करून घेतले, तर तेच वाद्य कार्यक्रमात दुसरे म्हणून शेजारी लावता येईल.